सरफोजीराजांची उपकरणे आणि एक खटका

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका सरकारी कार्यशाळेच्या खरेदी समितीवर माझी नेमणूक झाली होती. मी इतिहासाचा विद्यार्थी. यंत्रांशी माझा संबंध सायकलच्या साखळीपलीकडे कधी गेला नव्हता. पण शासनसेवेत ज्ञानाआधी अधिकार येतो आणि सही करावी लागते. त्या वर्षी जी हत्यारे घ्यायची होती, त्यांत पाव इंची चौकाची काही रॅचेटे होती. कारागीर ज्याला गोटी पाना म्हणतात, त्याला लावायची ही छोटी मूठ. तीन दरपत्रके आली. वर्णन तिन्हींत एकच होते, दर मात्र निराळे होते. सर्वात कमी दरावर मी सही केली आणि सरकारचे पैसे वाचवल्याचे समाधान घेऊन घरी गेलो.

तीन महिन्यांनी त्या कार्यशाळेतील एक वृद्ध मिस्त्री माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांच्या उजव्या हाताची बोटे बांधलेली होती. जोर लावत असताना रॅचेटचा खटका दात्यावरून निसटला आणि हात यंत्राच्या लोखंडी कडेवर जाऊन आदळला. त्यांनी तक्रार केली नाही. ते निसटलेले रॅचेट माझ्या टेबलावर ठेवून ते एवढेच म्हणाले, “साहेब, पाना स्वस्त होता, बोटं स्वस्त नव्हती. पुढच्या वेळी घेण्याआधी आम्हाला एकदा हातात धरून बघू द्या.”

हे वाक्य मी विसरलो नाही. पुढे काही वर्षांनी कामानिमित्त तंजावरला गेलो असता, जिथे या वाक्याची आठवण होण्याचे काहीच कारण नव्हते अशा ठिकाणी, म्हणजे मराठ्यांच्या जुन्या राजवाड्यात, ते मला पुन्हा आठवले. ती आठवण का झाली, हेच आज सांगायचे आहे.

तंजावरचे मराठी राज्य व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थापन केले, हे सर्वश्रुत आहे. त्या घराण्यातील सरफोजीराजे दुसरे यांचा जन्म 1777 चा. तुळजाजीराजांनी 1787 साली मृत्यूपूर्वी त्यांना दत्तक घेतले. परंतु गादी अमरसिंगांकडे गेली आणि या मुलाचे पुढील आयुष्य संकटात सापडले. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्‌झ या जर्मन मिशनऱ्याने त्याचा सांभाळ केला. पुढे त्याला सुरक्षिततेसाठी मद्रासला हलवण्यात आले व तेथे गेरिक नावाच्या दुसऱ्या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण झाले. 1798 साली सरफोजी गादीवर आले. पण 1799 च्या ऑक्टोबरात झालेल्या तहाने राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेला. राजांकडे किल्ला, वर्षाला एक लक्ष होनांची नेमणूक आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. वय अवघे बावीस वर्षांचे, राजमुकुट डोक्यावर आणि करण्यासारखे राज्यकार्य जवळजवळ काहीच नाही.

अशा स्थितीत सापडलेल्या संस्थानिकांनी काळ कसा घालवला, याच्या कथा आपण पुष्कळ ऐकल्या आहेत. सरफोजीराजांनी मात्र ग्रंथ आणि उपकरणे जमवली. संस्कृत, मराठी, तमिळ व तेलुगू हस्तलिखितांच्या जुन्या संग्रहात त्यांनी इंग्रजी, फ्रेंच, जर्मन अशा युरोपीय भाषांतील हजारो मुद्रित ग्रंथांची भर घातली, आणि त्यांतील अनेकांवर त्यांची इंग्रजी स्वाक्षरी आजही दिसते. 1805 च्या सुमारास त्यांनी ‘नवविद्याकलानिधी’ नावाचा छापखाना काढला. देवनागरी खिळ्यांनी मराठी पुस्तके छापण्याचे काम पुण्या-मुंबईत नीटसे सुरू होण्याआधी ते कावेरीच्या काठी झाले होते, आणि त्या पुस्तकांत इसापच्या कथांचे मराठी रूपांतरही होते. धन्वंतरी महालात औषधांची परीक्षा चाले. नेत्ररोग्यांची डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह लिहून ठेवलेली टिपणे सरस्वती महालात जपलेली आहेत.

1826 च्या मार्च महिन्यात कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावरला आले. त्यांच्याबरोबर असलेले आर्चडीकन रॉबिन्सन यांनी राजांच्या अभ्यासिकेचे वर्णन लिहून ठेवले आहे. तेथे पुस्तकांची कपाटे होती, नाण्यांचा संग्रह होता, वनस्पतींची चित्रे आणि वाळवून जपलेल्या वनस्पती होत्या. शिवाय एक वायुपंप, एक विद्युत्‌यंत्र, खगोलवेधाची उपकरणे आणि हस्तिदंती सांगाडा होता. मृताच्या अस्थींचा स्पर्श वर्ज्य मानणाऱ्या समाजात शरीररचना शिकण्याची ही वाट किती विचारपूर्वक काढली असेल, हे वेगळे सांगायला नको.

आता माझ्या रॅचेटकडे वळतो. रॅचेट म्हणजे दातेरी चक्र आणि त्यावर स्प्रिंगने टेकलेला खटका. दात्यांची एक बाजू उतरती आणि दुसरी उभी असते. चक्र एका दिशेने फिरले की खटका दात्यावरून घसरत पुढे जातो. उलट फिरू लागले की तो दात्यात अडकून चक्राला धरतो. कल्पना एवढीच, पण जुनी आणि फार उपयोगाची. हेरॉनने वर्णन केलेल्या ग्रीक धनुष्ययंत्रात ताणलेली दोरी मागे सुटू नये म्हणून दोन्ही बाजूंना दातेरी पट्ट्या व खटके होते. घड्याळाला किल्ली देताना जो कट्‌-कट्‌ असा आवाज येतो, तो याच खटक्याचा. तो नसता तर किल्लीवरून हात उचलताच स्प्रिंग उलगडून गेली असती. गोटी पान्याला हा खटका जोडण्याचे पेटंट अमेरिकेतील व्हर्मोंट राज्यात 1863 साली घेतले गेले. त्यामुळे पाना नटावरून न काढता मागे नेऊन पुन्हा पुढे फिरवता येऊ लागला.

सरफोजीराजांच्या वायुपंपातही हेच तत्त्व होते. तेथे दात्यांची जागा झडपेने घेतली होती. दट्ट्याच्या प्रत्येक ओढीबरोबर काचेच्या घंटेतील थोडी हवा बाहेर येते, आणि बाहेर आलेली हवा झडप आत जाऊ देत नाही. झडप बेताची असेल, तर माणूस घाम गाळून दांडा हलवत राहतो आणि घंटेतली हवा होती तेवढीच राहते. अशी यंत्रे त्या काळी समुद्रमार्गे कित्येक महिन्यांचा प्रवास करून येत. मद्रासच्या दमट हवेत चामड्याची झडप आक्रसली, तर ती बदलणारा कारागीर जवळ नसे. अशा वेळी वरच्या पितळेच्या झिलईपेक्षा आतल्या सांध्याचे मोल अधिक असते, हे उपकरण वापरणाऱ्यालाच कळते.

मिस्त्रींनी मला नंतर जे शिकवले तेही हेच होते. त्यांच्याजवळ बसून मी रॅचेट पारखायला शिकलो. चक्राला 36 दाते असतील, तर पुढचा दाता सापडण्यासाठी मूठ 10 अंशांनी हलवावी लागते, आणि 72 असतील, तर 5 अंश पुरतात. 15 सेंटीमीटर लांबीच्या मुठीच्या टोकाशी हा फरक अडीच सेंटीमीटरांहून थोडा अधिक आणि सव्वा सेंटीमीटरांहून थोडा अधिक असा पडतो. यंत्राच्या पोटात, जिथे हात जेमतेम शिरतो, तिथे तेवढ्यावरच काम होणार की अडणार हे ठरते. पण दाते वाढले की प्रत्येक दाता बारीक होतो, म्हणून खटक्याचे एकाहून अधिक दात चक्रात एकाच वेळी बसले पाहिजेत आणि पोलाद उत्तम असले पाहिजे. नुसती दात्यांची संख्या पाहून भुलू नये.

दुसरी परीक्षा मागे फिरवण्याची. नट सैल असताना मूठ मागे नेली आणि खटक्याचाच अडथळा मोठा असला, तर नटही मागे फिरतो व काम जिथल्या तिथे राहते. मिस्त्री रॅचेट कानाजवळ धरीत, चौकोनी टोक दोन बोटांत हलके पकडून मूठ मागे नेत, आणि टोक बोटांतून फिरते की नाही ते पाहत. तिसरी गोष्ट दिशा बदलणाऱ्या कळीची. तेलकट अंगठ्यालाही ती बदलता यावी, पण काम चालू असताना आपोआप बदलू नये. आणि चौथी अशी की, डोके उघडून आतील मळ पुसता आला पाहिजे आणि झिजलेला खटका वेगळा विकत मिळाला पाहिजे. “जे उघडता येत नाही ते दुरुस्त होत नाही, आणि जे दुरुस्त होत नाही ते आपलं होत नाही,” असे ते म्हणत. पाव इंची रॅचेट बारीक कामासाठी आहे, त्याच्या मुठीला नळी जोडून गंजलेला मोठा बोल्ट उघडू नये, ही सूचनाही त्यांचीच. चांगल्या हत्याराला जशी ताकद असते तशी मर्यादाही असते.

तंजावरात फिरताना वीणा घडवणाऱ्यांचे काम पाहण्यात आले. फणसाच्या लाकडाची वीणा, तिच्या दांडीवर मेणात बसवलेले 24 पडदे आणि डोक्याशी तारांच्या खुंट्या. त्या खुंटीत ना दाता ना खटका. ती निमुळती असते आणि केवळ घर्षणाने धरते. तिने वाजवणाऱ्याच्या हाताला वळावे, पण तारेच्या ओढीला वळू नये. लाकूड किती घासायचे हे पुस्तकात लिहिलेले नसते. कारागीर ते बोटांनी ठरवतो. मिस्त्रींच्या बोटांची परीक्षा आणि या कारागिराच्या बोटांची परीक्षा एकाच जातीची आहे, असे मला त्या वेळी वाटले.

येथे एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. सरफोजीराजांची ही सारी उपकरणे म्हणजे सत्ता गमावलेल्या राजाची केवळ हौस नव्हती काय? हा आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. दाखवण्याची आवड त्यांना होती. नेपोलियनवरील इंग्रजांच्या विजयाप्रीत्यर्थ समुद्रकाठी मनोरा बांधणाऱ्या राजाला जगाने आपल्याकडे पाहावे असे वाटत असणारच. परंतु नेत्ररोग्यांची टिपणे हौसेने लिहिली जात नाहीत. कोण आला, काय दुखत होते, कोणता उपाय केला, याची नोंद ठेवणारा माणूस उपकरणाचा मालक राहत नाही. तो उपकरणाचा उपयोग करणारा होतो. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर 1803 साली घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेणाऱ्या या राजाला नोंदीचे मोल पुरते कळले होते.

उणीव होती ती वेगळ्या ठिकाणी. 1832 साली सरफोजीराजे वारले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे 1855 साली निपुत्रिक वारले आणि कंपनीने संस्थान खालसा केले. राजवाड्यातील खाजगी मालमत्ताही जप्त झाली. राणी कामाक्षीबाई न्यायालयात गेल्या. पण 1859 साली प्रिव्ही कौन्सिलने ही राज्यसत्तेची कृती आहे, न्यायालयाला तिच्यात हात घालता येत नाही, असा निकाल दिला. एका माणसाच्या आवडीवर उभे राहिलेले काम त्या माणसाबरोबर मागे सरकले. छापखाना थांबला आणि धन्वंतरी महालाची परंपरा खंडित झाली. तंजावरात नवे वायुपंप घडवणारी पिढी निर्माण झाली नाही. चक्र बरेच पुढे फिरले होते, परंतु मागे फिरताना त्याला धरणारा खटका नव्हता.

अपवाद एकच, ग्रंथालयाचा. बर्नेल या इंग्रज अधिकाऱ्याने तेथील संस्कृत हस्तलिखितांची वर्गीकृत सूची तयार केली व ती 1880 साली प्रसिद्ध झाली. 1918 साली ग्रंथालय जनतेसाठी खुले झाले आणि आज ते सरफोजीराजांच्या नावानेच ओळखले जाते. सूची, नियम, पगारी ग्रंथपाल आणि दार उघडण्याची ठरलेली वेळ, या नीरस वाटणाऱ्या गोष्टींनी तो संग्रह धरून ठेवला. एक सनदी नोकर म्हणून मला याचे विशेष वाटते. आमच्या कामाला कोणी प्रतिभेचे काम म्हणणार नाही. चक्र फिरवणारे हात दुसऱ्यांचेच असतात. पण जिंकलेला दाता सुटू न देणे हे काम आमचे आहे. खटका कमअस्सल निघाला, तर जोर लावणाऱ्याचीच बोटे फुटतात.

राजवाड्यातील दरबार महालात हात जोडून उभा असलेला सरफोजीराजांचा संगमरवरी पुतळा पाहताना मला बांधलेल्या बोटांचे ते मिस्त्री आठवले, ते यामुळे. परत आल्यावर मी एक लहानशी टिप्पणी लिहिली: यापुढे हत्यारांच्या दरपत्रकाबरोबर नमुना मागवावा, तो वापरणाऱ्या कारागिराने आठ दिवस वापरून पाहावा आणि त्याचा लेखी अभिप्राय आल्यावाचून दर उघडू नयेत. टिप्पणी तीन टेबलांवरून फिरली, तिच्यावर दोन शंका निघाल्या आणि अखेरीस ती मंजूर झाली. मिस्त्री तोवर निवृत्त झाले होते. पुढे माझीही तेथून बदली झाली. तो नियम अजून तेथे पाळला जातो, असे परवाच कळले, आणि आपण एक दाता तरी धरून ठेवला, असे मनात आले.