गुत्त्यातून परत येणारं सोनं

२००३ साली ‘ट्रॉपिको २ : पायरेट कोव्ह’ हा कॉम्प्युटर गेम आला. धाकट्या भावाने त्याची सीडी आणली, आणि ती सगळी मे महिन्याची सुट्टी अलिबागच्या घरात आम्ही चाच्यांचं बेट चालवण्यात घालवली. मी तेव्हा नुकतीच शाळेत इतिहास शिकवायला लागले होते.

या खेळात तलवार हातात येत नाही. आपण कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावरचे चाच्यांचे राजे. शेतं लावायची, लाकूड तोडायचं, जहाजं बांधायची, गुत्ते उघडायचे. राबतात ते पकडून आणलेले कैदी. चाचे लुटीवर जातात आणि परतले की चैन करतात. कैद्यांना जरब हवी, चाच्यांना मोकाट रान हवं. म्हणून एकाच बेटावर दोन वस्त्या वसवाव्या लागतात, आणि त्या एकमेकींपासून लांब ठेवाव्या लागतात.

एकदा जहाज धक्क्याला लागल्यावर मी एका चाच्याच्या मागेमागे गेले. तो आधी गुत्त्यात शिरला, तिथून जुगाराच्या अड्ड्यावर. जाईल तिथे त्याच्याजवळचं सोनं कमी होत होतं आणि माझा खजिना भरत होता. त्याने स्वतःसाठी लपवून ठेवलं तेवढंच माझ्या हातचं गेलं. बेट चालतं ते लुटीवर नाही, लुटारूच्या खर्चावर, हे मला त्या दुपारी कळलं.

जमैकातलं पोर्ट रॉयल असंच उभं राहिलं. इंग्रजांनी १६५५ मध्ये स्पेनकडून जमैका घेतलं, पण ते राखायला पुरेसं आरमार नव्हतं. मग गव्हर्नरांनी लुटारूंनाच परवाने दिले. हेन्री मॉर्गनने १६६८ मध्ये पोर्तोबेलो लुटलं, १६७१ मध्ये पनामा. लूट पोर्ट रॉयलला उतरायची, तिथेच विकली जायची आणि तिथेच उडवली जायची. गबर झाले ते गुत्तेवाले आणि व्यापारी. मॉर्गनला इंग्लंडच्या राजाने ‘सर’ केलं, पुढे तो जमैकाचा नायब गव्हर्नरही झाला. आमच्या गावात कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे. त्यांना याच इंग्रजांनी चाचा म्हटलं. त्यामुळे हा शब्द मी वर्गात फार जपून वापरते.

हे शहर वाळूवर वसलेलं होतं. ७ जून १६९२ रोजी भूकंप झाला आणि त्याचा बराचसा भाग समुद्रात गेला. सुमारे दोन हजार माणसं त्या दिवशी मेली. पुढे पाणबुड्यांनी तिथून एक खिशातलं घड्याळ वर काढलं. त्याचे काटे केव्हाच झिजून गेले होते, पण क्ष-किरणांखाली त्यांच्या खुणा उमटल्या : अकरा वाजून त्रेचाळीस मिनिटं.

खेळाचे दोष आम्हाला लवकर दिसले. समुद्रावरची लढाई आपल्या हातात नाही. जहाज जातं आणि मागाहून बातमी येते. पण मला खरा सलतो तो दुसराच दोष. खेळातले कैदी इंग्लंड, फ्रान्स, स्पेन या देशांचे. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचा तिथे मागमूस नाही. एक्सक्वेमेलिन नावाचा लेखक प्रत्यक्ष मॉर्गनच्या लुटारूंबरोबर राहिला होता. १६७८ मध्ये डच भाषेत छापलेल्या त्याच्या पुस्तकात जखमांच्या भरपाईचे दर दिले आहेत. उजवा हात गेला तर चांदीची सहाशे नाणी किंवा सहा गुलाम. डोळा गेला तर शंभर नाणी किंवा एक गुलाम. एका डोळ्याला एक माणूस, हा त्या बेटांवरचा हिशोब.

त्या हिशोबात आपल्या समुद्रावरची माणसंही होती. सप्टेंबर १६९५ मध्ये इंग्रज लुटारू हेन्री एव्हरीने सुरतेला परतणारं औरंगजेबाचं ‘गंज-ए-सवाई’ हे जहाज लुटलं. त्यावर हजहून येणारे यात्रेकरू होते. बायकांवर अत्याचार झाले, काहींनी जीव दिला, असं त्या काळचा इतिहासकार खाफी खान याने नोंदवलं आहे. बादशहाच्या अंमलदारांनी सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजांना बेड्या घातल्या. एव्हरी मात्र १६९६ मध्ये खोट्या नावाने बहामातल्या नॅसॉला पोहोचला. तिथला गव्हर्नर निकोलस ट्रॉट याने पैसे घेतले, हस्तिदंत घेतलं, शेवटी जहाजही ठेवून घेतलं, आणि खलाशांना किनाऱ्यावर उतरू दिलं. सुरतेकडे निघालेला पैसा नॅसॉच्या गुत्त्यांत असा पोहोचला.

तो खेळ मी अजूनही कधीतरी लावते. जहाज धक्क्याला लागलं की सोन्याचा आकडा बघायच्या आधी उतरणाऱ्या कैद्यांवर क्लिक करते. प्रत्येकाचं नाव पडद्यावर येतं. ‘गंज-ए-सवाई’वरच्या बायकांपैकी एकीचंही नाव मी वाचलेल्या कुठल्याच हकिकतीत नाही.