सख्खे, चुलत आणि उपरे

हेळवी दारात येऊन घराण्याची वंशावळ सांगत, तेव्हा कोण सख्खा नि कोण चुलत हा वाद मिटे. जिवाणूंच्या जनुकांना हेळवी नाही. त्यांची नाती आपल्याला तोंडावळ्यावरून ताडावी लागतात. ती ताडणाऱ्या सॉफ्टवेअरचे हे पुस्तक.

नात्यांची नावे वॉल्टर फिच यांनी १९७० साली दिली. एका जातीच्या दोन जाती झाल्या आणि एकच जनुक दोन्ही शाखांत उतरले, तर ती ऑर्थोलॉग. एकाच जीनोममध्ये जनुकाची जादा प्रत तयार होऊन दोन्ही आपापल्या वाटेने बदलल्या, तर त्या पॅरालॉग. या व्याख्यांत 'सारखे दिसणे' कुठेच नाही, हे नवख्याच्या चटकन लक्षात येत नाही. व्याख्या इतिहासाची आणि सॉफ्टवेअरच्या हाती मात्र केवळ साम्य. या क्षेत्रातली सगळी हुशारी आणि बहुतेक चुका या फटीत आहेत.

स्वतंत्रपणे जगणाऱ्या जिवाणूचा पहिला संपूर्ण जीनोम, हिमोफिलस इन्फ्लुएन्झीचा, १९९५ साली हाती आला. दोनच वर्षांनी तातुसोव्ह, कूनिन आणि लिपमन यांनी सात जीनोममधील प्रथिनांचे ७२० गट मांडले. युक्ती देखणी होती: तीन दूरच्या वंशांतली प्रथिने एकमेकांची सर्वांत जवळची जुळणी ठरली की त्रिकोण पुरा, सामाईक बाजू असलेले त्रिकोण जोडत गेले की गट तयार. पण एखाद्या वंशात खरे जनुक हरवले असेल, तर त्याचा चुलत भाऊ गुपचूप त्या जागी येऊन बसतो. शिवाय जिवाणू परक्या जातीकडूनही जनुके घेतात; हे उपरे कुठल्याच वंशावळीत नीट बसत नाहीत.

पुढे प्रश्न वेगाचा झाला. २०१५ च्या रोअरी या सॉफ्टवेअरने टायफॉइडच्या जिवाणूचे हजार जीनोम साध्या डेस्कटॉपवर साडेचार तासांत हातावेगळे केले. मला मात्र २०२० चे पॅनारू अधिक मोलाचे वाटते. जनुकाचे शेजारी कोण हे पाहून ते नोंदीतल्या चुका दुरुस्त करते. नात्याची चौकशी आळीत करावी, तसे. एका नमुन्यात एक जनुक 'नाही' असे दिसल्यावर मी कधीकाळी आठवडाभर हरखून होतो. ते तिथेच होते. जीनोमच्या दोन तुकड्यांच्या सांध्यावर तुटले होते.

म्हणून पहिल्या प्रकरणाकडे वळण्याआधी एक काम करा. कुठल्याही सॉफ्टवेअरने दिलेला एकच गट निवडा, त्यातली प्रथिने एकाखाली एक मांडा, लांब्या तपासा, शेजारची जनुके पाहा आणि हाताने वंशवृक्ष काढा. एक दुपार जाईल. पुढची प्रकरणे त्यानंतर वाचा.