पारगडचा वारसा आणि घोरपडीची गोष्ट

चंदगड तालुक्यातील पारगडावर तानाजी मालुसरे यांचे वंशज आजही नांदतात. शिवछत्रपतींनी या गडाची किल्लेदारी तानाजींचे पुत्र रायबा यांच्याकडे सोपविली, अशी तेथील परंपरा आहे. गड पाहावयास जाणाऱ्या मुलांना आपण दोन गोष्टी हमखास सांगतो: यशवंती घोरपड कोंढाण्याचा कडा चढून गेली, आणि तानाजी पडल्यावर त्या गडाचे नाव सिंहगड झाले.

इतिहासाची साक्ष निराळी आहे. फेब्रुवारी १६७० मध्ये कोंढाणा जिंकताना तानाजी धारातीर्थी पडले, हे निर्विवाद. परंतु राजाराम महाराजांच्या काळात लिहिलेल्या सभासद बखरीत घोरपड नाही. ती शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यातली. 'सिंहगड' हे नाव तर महाराजांच्या ३ एप्रिल १६६३ च्या पत्रातच, म्हणजे लढाईच्या जवळजवळ सात वर्षे आधी, आढळते. हरिभाऊ आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीमुळे नामांतराची समजूत घरोघरी रुजली.

मग शाहीर आणि कादंबरीकार खोटे बोलले काय? आम्हांस तसे वाटत नाही. बखर न वाचलेल्या लोकांपर्यंत तानाजींची स्मृती त्यांनीच पोहोचविली. धोका पुढे असतो. गोष्टीला पुराव्याच्या आसनावर बसविले आणि शंका विचारणाऱ्याला द्रोही ठरविले, की समाजाची विवेकबुद्धी मंदावते.

हा धडा आमच्या ख्रिस्तसभेलाही गिरवावा लागला. सम्राट कॉन्स्टंटाईनने रोम व पश्चिमेची सत्ता पोपमहोदयांना दान केली, असे सांगणारा दस्तऐवज कित्येक शतके खरा मानला गेला. त्याच्या आधारे सत्तेचे दावेही झाले. १४४० मध्ये लोरेन्झो वाल्ला या विद्वानाने त्यातील लॅटिन भाषा तपासून तो बनावट असल्याचे दाखविले. त्या दस्तऐवजावाचून श्रद्धेचे काही अडले नाही.

घोरपडीवाचून तानाजींचेही अडत नाही. उलट ती बाजूला सारली, की माघातल्या काळोख्या रात्री जिवावर उदार होऊन कडा चढणारी हाडामांसाची माणसे दिसू लागतात.

म्हणून मुलांना पोवाडा अवश्य ऐकवावा, पण पोवाडा म्हणून. आणि एखाद्याने "हे खरेच घडले का?" असे विचारले, तर त्याला गप्प न करता त्याच्यासमोर बखर उघडावी.