हाताची नोंद कोणाची?

खेळाच्या रिमोटचा इतिहास सांगावयास युनियनचा माणूस कशाला उभा राहिला, असे आपणांस वाटेल. आमचे शाळेतले शिक्षण दहावीला संपले. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या दारात आणि वाचनालयात. परंतु माणसाच्या हाताची हालचाल कोण मोजतो आणि ती वही कोणाच्या ताब्यात राहते, हा प्रश्न आमच्या रोजच्या कामातला आहे. रिमोटचा इतिहास त्याच प्रश्नाचा एक भाग आहे.

या गोष्टीचा आरंभ कारखान्यात झाला. 1911 साली अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांचे शास्त्रीय व्यवस्थापनावरील पुस्तक निघाले, आणि त्याच वर्षी वॉटरटाऊनच्या सरकारी शस्त्रागारातील ओतारी कामगार, आपल्या कामावर घड्याळ लावले म्हणून बाहेर पडले. पुढे फ्रँक गिलब्रेथ यांनी कामगारांच्या बोटांना लहान दिवे बांधून हाताच्या हालचालीची रेघ छायाचित्रावर उमटविली. आपल्याकडे 1928 साली मुंबईच्या गिरण्यांत सुमारे दीड लाख कामगारांनी एप्रिल ते ऑक्टोबर संप केला; विणकऱ्याने दोनांऐवजी तीन माग सांभाळावेत, ही योजना त्याच्या प्रमुख कारणांपैकी एक होती. मापे मालकाची आणि हात कामगाराचे, अशी ती वाटणी होती.

आता खेळाकडे वळू. 1983 साली जपानात निन्टेन्डो कंपनीचे घरगुती खेळयंत्र निघाले. नव्वदीच्या दशकात त्याच्या नकला आपल्याकडेही घरोघर आल्या, आणि कॅसेट व रिमोट हे शब्द पोरांच्या तोंडी बसले. त्या रिमोटवर आठ कळा: चार दिशांच्या आणि चार इतर. यंत्र दर सेकंदास 50 ते 60 वेळा रिमोटला विचारी, 'कोणती कळ दाबली आहे?' रिमोट एकामागून एक आठ उत्तरे देई. यंत्र विचारी आणि विसरून जाई. नोंद राहत नसे.

ती नोंद राहू लागली संगणकावर. 1993 साली आलेल्या 'डूम' या खेळात खेळाडूच्या हालचाली जपून ठेवण्याची सोय होती. पडद्यावरचे चित्र साठवावयाचे नाही. पुढेमागे, आडवे, वळण आणि कळा एवढेच चार बाइटांत लिहावयाचे, आणि तेही सेकंदास 35 वेळा. म्हणजे मिनिटास 8,400 बाइट. एका फ्लॉपीवर जवळजवळ तीन तासांचा खेळ मावे. त्या खेळातले दैवही ठरीव आकड्यांच्या कोष्टकातून निघत असल्यामुळे तीच हालचाल पुन्हा दिली की तोच खेळ जसाच्या तसा उभा राही. खेळाडू ही नोंद स्वखुशीने करीत, एकमेकांना दाखवीत आणि आपला वेग सिद्ध करीत. हाताचा धनी तोच वहीचा धनी झाला.

तथापि नोंद म्हणजे सत्य, असे समजू नये. 2003 साली मोरिमोटो या नावाने एका जपानी खेळाडूचे चित्रण जगभर फिरले. 'सुपर मारिओ ब्रदर्स 3' हा खेळ सुमारे 11 मिनिटांत संपविलेला! लोक थक्क झाले. मग कळले की खेळ संथ करून, चुकलेला भाग पुनःपुन्हा खेळून ती नोंद जुळविलेली होती. कळा खऱ्याच होत्या. पाहणाऱ्यांनी लावलेला अर्थ चुकीचा होता.

आज पुण्यातला कोणताही मुलगा आपल्या संगणकावर रिमोटची प्रत्येक कळ उजळताना पाहू शकतो आणि ती नोंदवूनही ठेवू शकतो. हेच तंत्र कार्यालयातही आले आहे. दोन वर्षांमागे एक भगिनी आमच्याकडे आल्या. त्यांना नोटीस मिळाली होती: अमुक दिवशी अकरा मिनिटे कळफलकावर बोट नाही, सबब काम नाही. आम्ही पूर्ण नोंद मागितली. प्रथम नकार आला. तीन पत्रांनंतर ती मिळाली. दूरध्वनीच्या नोंदीशी ती ताडून पाहिली, तेव्हा ती अकराही मिनिटे त्या एका वृद्ध ग्राहकाची तक्रार ऐकत होत्या असे दिसले. नोटीस मागे घेतली गेली. पण नोंद आमच्या हाती पडली नसती तर?

आमचा मोजण्याला विरोध नाही. तो मुलगा आपली बोटे आपण होऊन मोजतो, चूक शोधतो आणि सुधारतो. त्याला कोणी नोटीस देत नाही. आमचे मागणे एवढेच की जे मोजले जाते ते आधी सांगावे, मोजलेल्याची प्रत ज्याचे हात त्याला द्यावी, आणि अर्थ लावताना त्याला विचारावे. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला; 2023 साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. कायदे पुस्तकात आहेत. त्या भगिनींना मात्र आपली अकरा मिनिटे परत मिळविण्यास तीन पत्रे लिहावी लागली. ती पहिल्याच पत्रात मिळावीत, यासाठी संघटना हवी.