‘प्रमाण’ : एका शब्दाचे मोजमाप

मराठीत ‘प्रमाण’ हा शब्द तीन निरनिराळ्या नात्यांनी वावरतो. ‘मिठाचे प्रमाण’ यात तो राशी दर्शवितो, ‘श्रुतिवचन प्रमाण’ यात अधिकार सांगतो, आणि ‘नेहमीप्रमाणे’ यात तर तो केवळ शब्दयोगी अव्यय होऊन राहिला आहे. या तिन्हींच्या मुळाशी ‘मा’, म्हणजे मोजणे, हा एकच संस्कृत धातू आहे. ज्याने मोजावे ते प्रमाण, हा त्याचा व्युत्पत्तिसिद्ध अर्थ होय.

प्राचीन व्याकरणात हा अर्थ ताजा आहे. गुडघ्याइतके खोल पाणी ‘जानुदघ्न’ म्हणावयाचे, त्यातील प्रत्यय पाणिनीने प्रमाणाच्या अर्थी सांगितला आहे (5.2.37). पतंजलीच्या महाभाष्यात तर विभागणीच आढळते : तोलाचे ते उन्मान, सर्व बाजूंनी व्यापणारे ते परिमाण आणि लांबीचे ते प्रमाण. व्यवहारात मापाची खातरी राजसत्तेने द्यावयाची असे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजने लोखंडाची किंवा मगध व मेकल येथील दगडाची असावीत, आणि पौतवाध्यक्षाने दर चार महिन्यांनी ती तपासून मुद्रांकित करावीत, असा दंडक आहे. माप स्वयंसिद्ध नसते. ते ठरवावे लागते आणि पुनःपुन्हा तपासावे लागते, ही जाणीव या दंडकामागे दिसते.

न्यायदर्शनाने हाच शब्द ज्ञानाच्या साधनांना लावला. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द ही नैयायिकांची चार प्रमाणे; त्यांपैकी दोहोंच्या नावांत ‘मान’ उघडच दिसते. येथे मोजण्याचे साधन सत्याचे साधन झाले, आणि ‘प्रमाण’ या शब्दास अधिकाराचे वजन प्राप्त झाले.

मराठीने पुढची वाट स्वतंत्रपणे चोखाळली. ‘माणशी पावशेराप्रमाणे धान्य’, ‘शेकडा दोनप्रमाणे व्याज’ या प्रयोगांत माप दर झाले आहे. ‘सांगितल्याप्रमाणे’ यात दर जाऊन रीत उरली. जुन्या लेखनातील ‘प्रमाणें’ हा अनुस्वार तृतीयेच्या प्रत्ययाचा अवशेष होता. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार वगळले, आणि काल जे शुद्ध होते ते अशुद्ध ठरले. शब्द तोच, उच्चार तोच. बदलले ते केवळ माप.

आधुनिक काळी ‘मानक’ हा शब्द त्याच्या शेजारी आला. 1947 साली स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेने (1987 पासून भारतीय मानक ब्यूरो) तो वस्तूंच्या दर्जासाठी रूढ केला. 1956 च्या कायद्याने दशमान वजने-मापे आली, आणि शेर, पायली, मण, खंडी यांचा व्यवहारातील अंमल क्रमाने संपला. पायलीचे आकारमान प्रांतोप्रांती निरनिराळे होते. किलोग्रॅमने तो घोळ मिटविला. तथापि पायलीने मोजलेले धान्य खोटे होते, असे कोणी म्हटले नाही.

वेळ आणि भाषा यांच्यासाठी मात्र मराठीने ‘प्रमाण’च राखले : ‘प्रमाण वेळ’, ‘प्रमाण भाषा’. यांतील पहिल्या शब्दाने कोणाचा अवमान होत नाही. 1906 मध्ये भारताची प्रमाण वेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर ठरली, म्हणून मुंबईचा सूर्योदय अशुद्ध झाला नाही. दुसऱ्याचे तसे नाही. वऱ्हाडी अथवा मालवणी बोलणारा विद्यार्थी वर्गात तोंड उघडतो तेव्हा त्याची भाषा प्रमाणाहून ‘निराळी’ न ठरता ‘चुकीची’ ठरते. येथे पतंजलीचा शब्द नैयायिकांच्या अर्थाने वापरला जातो. गजाला साक्षीदाराचा मान मिळतो, आणि मापण्यासाठी केलेला संकेत सत्यासत्याचा निर्णय देऊ लागतो.

लिखित व्यवहारास समान माप हवे, यात संशय नाही. परंतु ते माप माणसांनी ठरविलेले असून कालांतराने बदलते, याची साक्ष ‘प्रमाणे’वरून गळालेला तो अनुस्वारच देतो. ‘प्रमाण भाषा’ हा शब्द योजताना त्यातील मोजपट्टी ध्यानी ठेवावी आणि न्यायासन विसरावे, हेच त्या शब्दाच्या इतिहासाशी सुसंगत होईल.