नोहाचं तारू लाटांवर टिकलं असतं?

बायबलच्या उत्पत्ती पुस्तकात महाप्रलयातून माणसं आणि प्राणी वाचवण्यासाठी देवाने नोहाला तारवाची, म्हणजे नावेची, मापंच दिली आहेत: लांबी तीनशे हात, रुंदी पन्नास, उंची तीस, शिवाय आतून-बाहेरून डांबर. हात दीड फुटाचा धरला, तर लांबी १३५ मीटरच्या आसपास जाते. शीड नाही, सुकाणूही नाही. जायचं तरी कुठे होतं म्हणा!

मापं हाती असल्यामुळे पंडितांना हिशेबाचा नाद लागला. आधी शंका होती जागेची. फ्रेंच गणिती बुतेओने १५५४ साली तारवाचं घनफळ मांडून प्राणी कसे मावतील ते दाखवलं. जॉन विल्किन्स या इंग्रज बिशपने १६६८ साली वाघसिंहांच्या वर्षभराच्या खुराकासाठी १,८२५ मेंढ्या धरल्या, म्हणजे रोज पाच. एवढं करूनही जागा उरलीच. पण या हिशेबात लाटा कुठेच नव्हत्या.

लाटांचं उत्तर मिळालं अमेरिकेत. मेन राज्यातल्या बाथ गावी १९०९ साली ‘वायोमिंग’ हे सहा डोलकाठ्यांचं लाकडी जहाज बांधलं. डेकची लांबी सुमारे १०७ मीटर, सांगाड्याला पोलादी पट्ट्यांचा आधार. तरीही लाट मध्याखाली आली की टोकं खाली झुकत, टोकांखाली आली की पोट खचे. फळ्यांचे सांधे हलत, पाणी शिरे आणि पंप चालूच ठेवावे लागत. मार्च १९२४ मध्ये केप कॉडजवळच्या वादळात ते सगळ्या खलाशांसह बुडालं. तारू याहूनही लांब, आणि त्याला ना पोलाद, ना पंप. माझ्या मते इथे वाद मिटतो. शांत पाण्यात ते तरंगलं असतं, खवळलेल्या समुद्रात फुटलं असतं.

पण तारू लांबट होतं, असं कुणी सांगितलं? ब्रिटिश म्युझियमच्या अर्विंग फिंकेल यांनी वाचलेल्या सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीच्या बाबिलोनी मृत्तिकापट्टिकेत प्रलयाची नाव चक्क गोल आहे. दोरखंडाची वेटोळी रचून विणलेली, डांबराने लिंपलेली, सत्तरएक मीटर व्यासाची एक अवाढव्य टोपलीच. तिची बरीच लहान प्रतिकृती केरळात बांधली गेली. ती तरंगली खरी, पण डांबर हलकं निघालं, पाणी झिरपलं आणि पंप लावावा लागला.

बायबलमधल्या तारवाची ७० मीटर लांबीची एक डच प्रतिकृती २०१९ साली इंग्लंडमधल्या इप्सविच बंदरात आली. ती समुद्रप्रवासाला योग्य नाही, असं ठरवून ब्रिटिश सागरी यंत्रणेने तिला तिथेच अडकवून ठेवलं.