तिघांचं कथाकथन गाजलं, पण व्यंकटेश माडगूळकरांचं हसू वेगळं का होतं?

सातारा जिल्ह्यात पाटणकडे गेलात की धो धो पाऊस आणि कोयनेचं अथांग पाणी. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुका मात्र आभाळाकडे डोळे लावून बसलेला. हा कोरडा पट्टा पुढे सांगलीच्या आटपाडी तालुक्यात उतरतो. हाच माणदेश. पाऊस तुटपुंजा, पण लेखकांचं पीक जोरात! एकट्या आटपाडी तालुक्याने मराठी साहित्य संमेलनाला तीन अध्यक्ष दिले: १९७३ साली ग. दि. माडगूळकर, १९८३ साली त्यांचे धाकटे भाऊ व्यंकटेश आणि लगेच १९८४ साली शंकरराव खरात.

यातले व्यंकटेश, म्हणजे सगळ्यांचे तात्या, १९२७ साली माडगूळला जन्मले. तेव्हा हे गाव औंध संस्थानात होतं. शाळा अर्धवट सुटली आणि कोवळ्या वयातच ते एका खेड्यात मास्तर झाले. हा अनुभव पुढे ‘बनगरवाडी’त (१९५५) उतरला.

इंग्रजी ते स्वतःच्या हिमतीवर शिकले. नोकरीसाठी नाही, तर परदेशी लेखक वाचता यावेत म्हणून. जॉन स्टाइनबेक, लिअम ओफ्लॅहर्टी, जॉर्ज ऑर्वेल ही त्यातली महत्त्वाची नावं. स्टाइनबेक कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांवर लिहीत होता, ओफ्लॅहर्टी आयर्लंडच्या खडकाळ बेटांवरचे गरीब शेतकरी, पक्षी आणि जनावरं यांच्यावर. माणदेशातून आलेल्या पोराला हे जग परकं का वाटावं? आपल्या गावातला रामोशी, धनगर, मुलाणी हासुद्धा कथेचा नायक होऊ शकतो, याला या वाचनाने बळ दिलं असणार. मात्र ‘माणदेशी माणसं’ (१९४९) वाचताना उसनेपणा कुठे जाणवत नाही.

आता विनोदाकडे येऊ. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि माडगूळकर या त्रिकुटाचं कथाकथन महाराष्ट्रभर रंगलं. त्यामुळे तिघांना एकाच माळेत ओवून ‘ग्रामीण विनोदी लेखक’ म्हणायची सवय लागली. ती थोडी अन्यायाची आहे. मिरासदारांच्या भोकरवाडीत नाना चेंगट, बाबू पैलवान अशी मंडळी जमली की गोष्ट उधळतेच. पाटलांची ताकद संवादात. ‘पिंजरा’ या गाजलेल्या सिनेमाचे संवाद त्यांचेच. माडगूळकर मात्र हसवायला म्हणून क्वचितच बसतात. ‘पती गेले गं काठेवाडी’ हे त्यांचं नाटक भरपूर हसवतं, हे खरं. पण एरवी त्यांचं हसू प्रसंगातून आपसूक येतं.

‘बनगरवाडी’च बघा. मास्तर शाळा भरवायला आलेला आणि पोरं मेंढरांमागे रानात! मग कारभाऱ्याची मर्जी सांभाळा, लोकांच्या अडीनडी निस्तरा, तालीम बांधा. वाचताना ओठांवर हसू येतं. मग दुष्काळ पडतो आणि सगळी वाडी जगायला बाहेर पडते. लेखक रडत नाही की भाषण ठोकत नाही. वाक्यं तेवढीच छोटी राहतात. म्हणूनच ती जास्त लागतात.

१९५५ पासून तात्या पुणे आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रम करत होते. शेतकऱ्याला एकदा ऐकून कळेल असं लिहायचं, हा तिथला रोजचा सराव. त्यांची साधी वाक्यरचना तिथे आणखी घासून निघाली असेल तर नवल नाही.

ऑर्वेलशी त्यांचं नातं सगळ्यात गमतीचं वाटतं ते ‘सत्तांतर’मध्ये. साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ही छोटी कादंबरी वानरांच्या टोळीतल्या सत्तासंघर्षाची आहे. ऑर्वेलच्या ‘अ‍ॅनिमल फार्म’मधली डुकरं म्हणजे मुळात माणसंच. माडगूळकरांची वानरं शेवटपर्यंत वानरंच राहतात. त्यात राजकारण दिसलं तर ते वाचणाऱ्याने आपलं आपण बघावं.

तात्यांचं पहिलंच पुस्तक हातात घेणार असाल, तर ‘माणदेशी माणसं’ घ्या. एका बैठकीत एक माणूस, एवढंच वाचा. ‘बनगरवाडी’वर अमोल पालेकरांनी १९९५ साली सिनेमा केला आहे, तो कादंबरी संपल्यावरच बघा.